बघायला येणाऱ्यांसाठी दात

मेंढीचं वय तिच्या दातांवरून कळतं. बाईचं कळत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या माणसांना समजावताना माझी ऐन उमेदीची दोन वर्षं गेली, आणि ती त्यांना पटली असं मला आजही वाटत नाही.

आमची माणसं मूळची मेंढरांमागची. वडिलांनी मेंढरं विकली आणि शिरूर तालुक्यात, दौंडच्या शिवेकडच्या माळावर जमीन धरली. मेंढरं गेली, पण त्यांच्याबद्दलचं शहाणपण काही घरातून गेलं नाही. बाजारात कुणी शेळी-मेंढी घ्यायला निघाला की वडिलांना बरोबर न्यायचा. वडील जनावराला दोन गुडघ्यांत धरायचे, अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ दाबायचे आणि एका नजरेत सांगायचे. दुधाचे दात असले तर आदत. दोन पक्के आले की दोनदाती, मग चारदाती. आठही पक्के आले की जुळलेली. जुळलेल्या मेंढीला पुढं दाम कमीच, कारण त्यानंतर तिचे दात झिजायलाच लागतात. या विद्येचा आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत मोठा मान होता. शिकलेला माणूस फसेल, दात फसवणार नाहीत, असं सगळे म्हणायचे.

मी दोनेक वर्षांची असताना वस्तीवर बोअर मारली. ती खूप खोल गेली तेव्हा कुठं पाणी लागलं. जडसर, पण बारमाही पाणी. आईची डोक्यावरची घागर उतरली म्हणून सगळ्यांनी बोअरला नारळ फोडला. त्या पाण्यावर आम्ही वस्तीवरची झाडून सगळी पोरं वाढलो, आणि दुधाचे दात पडून नवे आले ते सगळ्यांचे एकाच घाटणीचे आले. खडूसारखे पांढुरके ठिपके, त्यांवर तांबूस-पिवळे पट्टे, आणि टोकं खरवडल्यासारखी. आमच्यात सगळ्यांचेच तसे, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. हायस्कुलात गेल्यावर पहिल्यांदा कळलं की दात असे नसतात. एका बाईंनी वर्गात उभं करून विचारलं, ‘‘घरी मिश्री लावतेस का गं?’’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती आई लावायची, मी नाही. सगळा वर्ग हसला. त्यात आमच्या वस्तीवरची चार पोरंही होती, आणि हसताना त्यांचेही दात दिसतच होते.

त्या दिवसापासून मी दातांच्या हात धुऊन मागे लागले. राखुंडी झाली, मीठ झालं, बाभळीची काडी झाली, कुणी सांगितलं म्हणून विटेचा वस्त्रगाळ चुराही झाला. हिरड्यांतून रक्त यायचं, पट्टे मात्र जागचे हलायचे नाहीत. मग मी हसताना तोंडावर ओढणी धरायला शिकले. वस्तीवरच्या बायका माझं कौतुक करायच्या, ‘‘पोरगी लई मर्यादेची हाय, दात काढून हसत न्हाई.’’ हे कौतुक ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला खदखदून हसता यायला हवं होतं. मला दुसरं काही नको होतं, आणि तेवढंच कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

रांजणगावला कंपन्या उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. बारावी झाल्यावर मला पहिलं स्थळ आलं ते कंपनीतल्या मुलाचं. मुलाच्या चुलत आजोबांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, शब्दाला फार वजन. पोहे झाले, नाव विचारून झालं, स्वयंपाक येतो का ते झालं. मग आप्पांनी वर्तमानपत्र माझ्यापुढं धरलं.

‘‘वाच की पोरी, काय लिवलंय त्यात.’’

मी दोन ओळी वाचल्या. आप्पा ऐकत नव्हते, बघत होते.

‘‘आन् जरा हस की. तोंड बांधून का बसलीस?’’

बायका हसल्या, म्हणून मीही हसले. सवयीनं हात तोंडाकडं गेला, तर मुलाच्या आत्यानं तो मधेच धरला आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला. आप्पांनी नीट बघून घेतलं. मग सगळे पुरुष बाहेर शेडाखाली गेले. खिडकी उघडी होती, त्यामुळे बोलणं मला आत स्पष्ट ऐकू येत होतं.

‘‘पावनं, वाईट वाटून घिऊ नका,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पोरगी गुणाची हाय, पर जुळलेली हाय. पंचविशीच्या फुडं असंल. वय कशाला लपविता?’’

वडील म्हणाले, ‘‘आप्पा, एकोणीस पुरं न्हाई झालं तिला. दाखला दावतो की.’’

शाळेचा दाखला आणला. आप्पांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. ‘‘दाखला मास्तर लिवतो,’’ म्हणाले, ‘‘दात कोण लिवतं?’’

बाकीच्यांनी माना डोलावल्या. जणू काही वेदवाक्य. माझे दात झिजल्यासारखे आणि डागाळलेले होते, तेव्हा मी उतरलेली, हा त्यांचा हिशेब. आणि राग कशाचा येतो सांगू? त्यांच्याच विद्येनं बघायचं तर मेंढीला पुढचे वरचे दात नसतातच. तिचं वय खालच्या दातांवरून बघतात. माझे पट्टे होते वरच्या दातांना. म्हणजे हा महापंडित ज्या दातांवरून माझं वय सांगत होता, ते दात त्याच्या जन्मभराच्या मेंढरांपैकी एकीलाही नव्हते. पण हे मी खिडकीतून ओरडून सांगितलं असतं तर पोरगी फाटक्या तोंडाची, असा आणखी एक ठपका लागला असता.

पाहुणे गेले. मला वाटलं, आता वडील आप्पांना चार शिव्या घालतील. वडिलांनी मला अंगणात उजेडाला बोलावलं.

‘‘आ कर.’’

मी आ केला. त्यांनी अंगठ्यानं माझा ओठ दाबला, मान तिरपी करून बघितलं. मी जन्मले त्या दिवशी हा माणूस दारात उभा होता. माझं वय त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ते माझ्या तोंडात बघत होते, आणि बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. मी त्यांचा अंगठा कडकडून चावले नाही, याचा मला अजूनही पस्तावा होतो.

आमच्यात बातमी पायानं जात नाही, वाऱ्यानं जाते. पुढची दोन स्थळं मला न बघताच परत गेली. ‘त्यांची पोरगी थोराड हाय’ एवढंच कारण. मग मामीनं सूत्रं हाती घेतली. शिरूरच्या आठवड्याच्या बाजारात दातवाला बसायचा. जमिनीवर कापड अंथरून त्यावर कवळ्या, काढलेल्या दातांची बरणी, आणि एक मोठं रंगीत चित्र: अर्ध्या तोंडात काळे दात, अर्ध्यात पांढरे. मामी म्हणाली, ‘‘लई जणींचं केलंय त्यानं. आठ दिसात मोती व्हत्यात.’’

खोटं कशाला बोलू, मलाही हवे होते पांढरे दात. मला कुणी फरफटत नेलं नाही. मी स्वतःच्या पायांनी गेले आणि भर बाजारात, मेथीच्या जुड्या आणि चपलांच्या ढिगाच्या मधे, पोत्यावर बसून तोंड उघडलं. त्यानं काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि दातांवर घासायला लागला. नाकात झिणझिण्या आणणारा वास आला. दातांवर फेस आला, हिरड्यांना आग लागली. मी डोळ्यांतून पाणी काढत बसले होते आणि येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. मामी सगळ्यांना सांगत होती, ‘‘लगीन जमवायचंय.’’

त्यानं आरसा पुढं केला. दात खरंच पांढरे झाले होते. त्यांना चकाकी नव्हती, चुन्याच्या भिंतीसारखे दिसत होते, पण पांढरे होते. त्या दिवशी एस. टी.त मी ओढणी न धरता मामीशी बोलत बसले. मला किती आनंद झाला होता ते आठवलं की आज माझी मलाच चीड येते.

तिसऱ्या दिवशी माठातलं पाणी प्यायले आणि मेंदूपर्यंत कळ गेली. पाणी नको, चहा नको, तोंडानं श्वास घेतला तरी दात ठणकायचे. पंधरा दिवसांत पांढरेपणा गेला आणि दात आधी होते त्याहून काळपट झाले, कारण खरखरीत झालेल्या दातांत निववून प्यायलेला चहासुद्धा मुरायला लागला. मग एकदा भाकरीचा कडक पापुद्रा चावताना समोरच्या दाताचा कोपरा निघून हातात आला. आगीतून उठून फुफाट्यात पडावं, तसं झालं. मामी म्हणाली, ‘‘तुझंच दात कच्चं.’’ बाजारात विचारायला गेलो तर दातवाल्याच्या जागेवर कुणीतरी प्लॅस्टिकच्या बादल्या मांडून बसला होता.

शेवटी वडील मला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन निघाले. शिरूरला डॉक्टर होते, पण शिरूरला पावलापावलाला सोयरा भेटतो. कुणी बघितलं तर आणखी बोभाटा, म्हणून चौफुल्याला गाडी बदलून दौंडला गेलो. तुटलेला दात तोंडात घेऊन मी अख्खा दिवस फिरले, का, तर मला दात दुखतात हे कुणाला कळू नये.

दौंडच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, लहान आरसा आत फिरवला, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘तुमच्या वस्तीवर सगळ्यांचेच असे आहेत का?’’

वडील म्हणाले, ‘‘व्हय. पोराटोरांचं समद्यांचंच.’’

‘‘आणि पाणी बोअरचं?’’

‘‘व्हय की.’’

बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. हे डाग वरून लागलेले नव्हेत. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच खोल बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे ते तसे घडतात, म्हणून घासून जात नाहीत. बाजारातल्या माणसानं ॲसिडनं दाताचा वरचा कडक थरच खाऊन टाकला होता. दात पांढरे करायचं औषध असतं, पण असल्या डागांवर ते सारखं चालत नाही, ठिपके उलट जास्त उठून दिसतात, आणि या दातांवर तर आता ते लावायचंच नाही. मला हे ऐकून एकीकडून रडू आलं आणि दुसरीकडून हायसं वाटलं. मी दात घासत नव्हते असं नाही. मी मिश्री लावत नव्हते. मी थोराड नव्हते. हे सगळं पहिल्यांदाच कुणीतरी खुर्चीत बसवून, मोठ्यानं, माझ्या बापासमोर सांगत होतं.

वडिलांना त्यात रस नव्हता. ते म्हणाले, ‘‘डॉक्टरीणबाई, वरनं टोप्या बसवत्यात म्हणं पांढऱ्या. चार बसवून टाका म्होरच्या.’’

बाई म्हणाल्या, ‘‘टोपी बसवायची तर आतला दात सगळ्या बाजूंनी घासून बारीक करावा लागतो. तो पुन्हा वाढत नाही. या वयात मी तिचे चार दात घासणार नाही. दाताच्या रंगाचा लेप लावून देते. कोपरा भरून निघेल, कळ थांबेल, डाग झाकले जातील. पण तो कायमचा नसतो. काही वर्षांनी रंग बदलतो, टवका उडतो, मग पुन्हा करावा लागतो.’’

वडिलांनी विचार केला आणि म्हणाले, ‘‘लगनापतोर टिकला म्हंजी बास.’’

डॉक्टर बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. लग्नानंतर माझ्या तोंडात दात असतील की नसतील, पाणी पिताना मला कळ येईल की न येईल, हा प्रश्न माझ्या बापाच्या लेखी तिथं संपला होता. विकलेल्या जनावराला पुढं काय होतं ते आपण विचारत नाही, तसंच ते. मला त्या खुर्चीवरून उठून त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. माझ्या तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले होते, त्यामुळे मी तेही केलं नाही.

तीन खेपा झाल्या. निळ्या दिव्यानं लेप पक्का केला. दात छान झाले. आरशात बघून मी मनापासून हसले आणि डॉक्टर बाईही हसल्या. मग त्या वडिलांकडं वळल्या.

‘‘घरात लहान मुलं आहेत का?’’

होती. माझ्या भावाची दोन. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची.

‘‘हिचे दात मी झाकले, बरे नाही केले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्या दोघांचे पक्के दात अजून आत तयार होतायत. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्यांना बोअरचं पाणी देऊ नका. प्यायलाही नको, स्वयंपाकालाही नको. नदीकाठच्या उथळ विहिरीचं आणा, गाळून उकळून द्या. आत्ता जपलंत तर त्यांना माझ्याकडं यावंच लागणार नाही.’’

वडिलांनी पैसे मोजून दिले आणि आम्ही गाडी धरली. माझी खात्री होती की त्यांनी ऐकलंच नाही. पण चार दिवसांनी बघते तर मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन. नदीकाठच्या एका सोयऱ्याच्या विहिरीवरून ते पाणी घेऊन आले होते. मग एक दिवसाआड आणायला लागले. उन्हातान्हात, गुडघे दुखत असताना, पाच-सहा मैल जाऊन. कॅन उचलून ओट्यावर ठेवायचे आणि धाप लागली की भिंतीला टेकून उभे राहायचे. मला भरून आलं. दौंडच्या खुर्चीत मी मनातल्या मनात त्यांना जे काय बोलले होते ते सगळं मी मागं घेतलं. म्हटलं, उशिरा का होईना, माणसाला कळलं. पोरांना पाणी आईच काढून द्यायची, तिकडं मी कधी बघितलं नाही.

मी लेपाच्या तपासणीसाठी म्हणून आठवडाभर दौंडला मावशीकडं राहिले आणि दुपारच्या गाडीनं परत आले. वडील बाजेवर पडले होते, आई ज्वारी निवडत होती. दोन्ही पोरं खेळून घामाघूम होऊन आत आली. आईनं उठून फडकं बांधलेल्या हंड्यातलं विहिरीचं पाणी पेल्यात ओतून मुलीला दिलं. मुलीनं घटाघटा पिऊन पेला खाली ठेवला, तडक आजोबांच्या बाजेपाशी गेली आणि ओठ फाकवून दात दाखवले. ‘‘शाबास,’’ वडील म्हणाले, ‘‘पांढरंधोप हायती.’’ हे त्यांच्यात रोजचंच होतं असं दिसलं, कारण आईनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

मुलानं हंड्याचं फडकं सोडायला हात घातला. आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

‘‘ते न्हाई. तू पिपातलं पी.’’

पिपात बोअरचं पाणी होतं.

‘‘मला बी ह्येच पायजे,’’ पोरगा रडायला लागला.

‘‘तुला कशाला रं?’’ आई म्हणाली. ‘‘तुला कोण बगाया येणार हाय?’’

मी हातातली पिशवी खाली ठेवली. आधी मला नीट कळलंच नाही. मग मी वडिलांना विचारलं, ‘‘आबा, त्याला का न्हाई देत?’’

वडील बाजेवर उठून बसले. अगदी सरळ, समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘‘दोन कॅनात किती पुरवायचं? पोराचं दात कोण बगतंय? पोरीला आत्तापासनं जपाया पायजे. हिचं तरी तुझ्यागत नको व्हाया.’’

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. बापासमोर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी वस्तीला ऐकू जाईल असा चढवला. ‘‘आबा, तीन वर्साची हाय ती! अजून तिचं दुधाचं दात पडलं न्हाईत, आन् तुम्ही तिला दावायला काढली?’’

हंड्याचं फडकं मी ओढून फेकलं, पेला भरला आणि पोराच्या तोंडाला लावला. तो रडता रडता प्याला, अर्धं अंगावर सांडलं. आई ‘‘अगं अगं’’ करत राहिली. पोरगी घाबरून आजोबांच्या मांडीवर चढून बसली. वडिलांनी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘तुला काय झालंय बया? तिच्या भल्याचंच करतोय की मी.’’

आणि ते खरंच तिच्या भल्याचंच करत होते. गुडघे दुखत असताना, उन्हातून, मनापासून.